अर्ध्या गोळीचा हिशेब

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, मसाल्याच्या डब्याशेजारी, एक दोनशेपानी वही असते. तिच्या मुखपृष्ठावर 'आई : औषधे' एवढेच लिहिले आहे. आत पट्टीने रकाने आखलेले आहेत. औषधाचे मूळ नाव, कशासाठी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, किती उरल्या, पुन्हा केव्हा आणायच्या. शेवटचा रकाना किमतीचा. २०२४ च्या श्रावणापासून तो रकाना रिकामा आहे. हा लेख त्या रिकाम्या रकान्याविषयी आहे.

आम्ही दोघे नवराबायको, दोघेही मराठीचे अध्यापक, भिवंडीत कामतघरच्या बाजूला राहणारे. एकाची नोकरी कायम, दुसरीची अजूनही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास रोजचे आणि मानधन येईल तेव्हाचे. आई ही आमच्यापैकी एकाची 'अगं आई' आणि दुसरीची 'अहो आई'. लिहिताना दोन्ही रूपे एकदम चालवता येत नाहीत, म्हणून येथे ती 'ती' आहे. अर्धे आदरार्थी वाचकांनी मनात धरावे. तिचे वय ७६. मधुमेह आणि रक्तदाब हे तिचे जुने सोबती. २०२१ च्या अखेरीस पक्षाघाताचा एक सौम्य झटका येऊन गेला आणि तेव्हापासून तिच्या औषधांचे व्यवस्थापन आमच्याकडे आले.

'आमच्याकडे आले' असे लिहिताना थोडे थांबावेसे वाटते, कारण त्यापूर्वी या घरात औषधांचे व्यवस्थापन तिच्याकडेच होते. बाबा यंत्रमागाच्या एका कारखान्यात हिशेब लिहीत. ते २००९ मध्ये गेले. त्याआधीची पाच-सहा वर्षे ते इन्शुलिनवर होते. न उघडलेली इन्शुलिनची बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते आणि २००५-०६ ची भिवंडी म्हणजे तासन् तास भारनियमनाची भिवंडी. २००७ च्या जानेवारीत शहराचे वीजवितरण टोरेंट पॉवरकडे गेले, त्याच्या आधीची ही गोष्ट. माग बंद पडले की सगळ्या गल्लीतला खडखडाट एकदम थांबे आणि त्या शांततेत आई उठून फ्रिजमधली बाटली काढी. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत लहान मडके, त्यात कापडात गुंडाळलेली बाटली आणि वरून भिजवलेले फडके. तिच्या माहेरी उन्हाळ्यात लोणी असेच ठेवत. बाष्पीभवनाने मडके गार राहते आणि जिथे फ्रिज नाही तिथे इन्शुलिन सांभाळायचा हा मान्य उपाय आहे, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी वाचून कळले. तिने ते लोण्यावरून ओळखले होते.

बाबा गेले तेव्हा फ्रिजमध्ये तीन बाटल्या न उघडलेल्या होत्या. त्या घेऊन ती दुकानात गेली. थंड ठेवायचा माल एकदा दुकानाबाहेर गेला की परत घेता येत नाही, असे दुकानदाराने हात जोडून सांगितले. तो चुकीचे सांगत नव्हता. बाटल्या दोन महिने फ्रिजमध्ये राहिल्या आणि मग एका सकाळी तिने कोणाला न सांगता त्या टाकून दिल्या. आम्ही ही घटना विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

आई सातवीपर्यंत शिकलेली आहे. वर्तमानपत्र ती रोज वाचते, पोथी वाचते, आमच्याकडे येणारे दिवाळी अंकही आमच्याआधी वाचून ठेवते. पण औषधाच्या पट्टीवर तिच्या ओळखीचे एकही अक्षर नसते. तिथे सगळी इंग्रजी, तीही बारीक, चकचकीत चंदेरी कागदावर. मराठीची ही चोखंदळ वाचक गोळी हातात आली की निरक्षर होते. मग ती रंगाने आणि आकाराने वाचते : गुलाबी, लांबट पांढरी, मधोमध चीर असलेली, वासाची. दुकानदार पट्टी कापून सहाच गोळ्या देतो तेव्हा नाव आणि मुदत छापलेला भाग अनेकदा दुसऱ्या तुकड्यावर राहतो आणि आम्हीही तिच्याच रांगेत जाऊन बसतो.

पहिली ठेच लागली ती या नावांमुळेच. पक्षाघातानंतर रुग्णालयातून सुटताना गोळ्यांची यादी मिळाली. घरी आधीच्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी चालू होतीच. नवी यादी आली, जुनी चिठ्ठी फाइलमध्ये राहिली आणि डब्यात दोन्हींच्या गोळ्या पडू लागल्या. तीन आठवड्यांत आईच्या घोट्यांना सूज आली. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई. एका पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी ती पडली. हाड मोडले नाही, एवढेच दैव.

त्या दिवशी आम्ही सगळ्या पट्ट्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि पहिल्यांदाच ठळक नावाखालचा बारीक मजकूर वाचला. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी नावे, दोन वेगळे रंग, आणि दोन्हींच्या आत एकच औषध : ॲम्लोडिपिन. आई रोज दुप्पट मात्रा घेत होती. रागाने आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारले, "आधीच्या गोळ्या दाखवल्या होत्या का?" दाखवल्या नव्हत्या. पाठभेद आणि प्रक्षेप यांवर तास घेणाऱ्या आम्हा दोघांना, एकाच संहितेच्या दोन प्रती आपल्या घरात वेगवेगळ्या शीर्षकांनी नांदत आहेत, हे ओळखता आले नव्हते.

नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण सगळेच वर्गात सांगतो. आम्ही त्या आठवड्यात आईच्या औषधांची शुद्ध प्रत सिद्ध केली. तुलना मोठ्यांशी नाही, केवळ पद्धतीशी आहे. सगळ्या उपलब्ध प्रती गोळा करायच्या : रुग्णालयाची यादी, तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दुकानाची बिले, डब्यातल्या पट्ट्या. प्रत्येकीतले मूळ नाव आणि मिलिग्रॅम शोधायचे. एकाच मूळ नावाच्या नोंदी एकत्र आणायच्या. जिथे शंका तिथे आपल्या मनाने काही गाळायचे नाही, डॉक्टरांना विचारायचे. १४ नोंदींतून ९ औषधे उरली आणि तीच फडताळातल्या वहीची पहिली पाने झाली. ज्यांच्या घरी एकाहून अधिक डॉक्टरांची औषधे चालू आहेत, त्यांनी इतर काही केले नाही तरी एवढे अवश्य करावे.

मूळ नाव वाचता यावे यासाठी नियमही झालेले आहेत. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, ही दुरुस्ती तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ मध्ये झाली. पट्टीवर मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या टंकात छापावे, हा नियम सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. जीवनसत्त्वे आणि जोडऔषधे तेवढी त्यातून वगळलेली. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मूळ नावानेच औषध लिहिणे बंधनकारक केले आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगितही केला. म्हणजे नाव कोणते लिहावे, हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे शुद्धलेखनाचे वाद होतात, पण त्यात कोणी उंबऱ्यावर पडत नाही.

आता खर्चाकडे वळू. सुरुवातीच्या महिन्यांत औषधांचे बिल ४,३०० रुपयांच्या आसपास येई. विम्याचा किंवा सरकारी योजनांचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना घ्या किंवा ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना लागू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड घ्या, दाखल झालात तर मोठा आधार आहे. पण रोज सकाळी आणि रात्री गिळायच्या गोळ्या, ज्या खरे तर दाखल होण्याची वेळ टाळतात, त्यांचे पैसे घरातूनच जातात.

किमती कशा ठरतात हेही आम्ही त्या वर्षी शिकलो. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक यादीतल्या औषधांना कमाल किंमत असते. एक टक्का किंवा अधिक बाजारहिस्सा असलेल्या कंपन्या किरकोळ विक्रेत्याला ज्या भावाने देतात, त्यांची सरासरी आणि तिच्यावर १६ टक्के विक्रेत्याचा नफा, असे ते गणित. यादीबाहेरच्या औषधांची छापील किंमत कंपनीला वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या पुष्कळशा जोडगोळ्या या यादीबाहेर राहतात. आईच्या दोन जोडगोळ्या डॉक्टरांना विचारून सुट्या केल्या, तेव्हा गोळ्यांची संख्या वाढली आणि बिल उतरले.

नंतर जनऔषधी केंद्राचा शोध लागला. ही योजना २००८ ची. पहिले केंद्र त्या वर्षी नोव्हेंबरात अमृतसरला निघाले आणि २०२३ च्या नोव्हेंबरात देशातली केंद्रे दहा हजारांवर गेली. आमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसांना तिथे पोचायला २०२३ उजाडावे लागले, हे आमचेच अज्ञान. या शहराची एक गंमत अशी की कल्याण नाका ओलांडून गोदामांच्या पट्ट्यात गेलात तर पूर्णा, दापोडे, काल्हेर, माणकोली या गावांच्या बाजूला गोदामेच गोदामे लागतात. त्यांत औषध कंपन्यांचीही आहेत. तिथून मालमोटारी भरून औषधे दूरदूरच्या गावांना जातात. आणि त्याच रस्त्यालगतच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी मागावरून सुटलेला कामगार 'दोनच द्या' म्हणत साखरेच्या दोन गोळ्या कापून घेतो, कारण मजुरी हाती येईल तशी गोळी. महिन्याची औषधे एकदम घेता येणे हीदेखील एक श्रीमंतीच आहे, हे त्या रांगेत उभे राहिल्यावर कळते.

जनऔषधीमुळे बिल १,९०० वर आले. आम्हाला अभिमान वाटला. रात्री वहीत आकडे भरताना आम्ही एकमेकांना ते मोठ्याने वाचून दाखवत असू. आधी 'या महिन्यात चार हजार तीनशे', मग 'चला, निम्म्याहून खाली आलं'. त्यात तक्रार नव्हती. पण आईची खाट भिंतीच्या पलीकडेच आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यापासून तिची साखर वाढू लागली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी आधी ७.४ होती, ती ८.३ झाली आणि पुढच्या खेपेला ९.१. खाण्यात बदल नव्हता. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा वाढवली. पुढे आणखी वाढवली. आम्हाला मनातून शंका आली ती स्वस्त औषधांची. ती शंका आम्ही बोलून दाखवली नाही. कारण तसे ठरले असते तर पुन्हा चार हजार तीनशे.

श्रावणात शिधापत्रिका शोधताना फडताळाच्या तळाशी बाबांचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हाती लागला. आत वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या होत्या. प्रत्येक पुडीत अर्ध्या केलेल्या गोळ्या. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने, तिच्या वळणदार अक्षरात, नोंद : 'सोम ते शनी, लांबट, अर्ध्या सहा'. 'रवि, एकही नाही'. महिन्यामागून महिने. आमच्या वहीपेक्षा ती नोंद अधिक खरी होती.

"आई, हे काय आहे?"

"उरलेल्या आहेत."

"उरतील कशा? मोजून भरतो ना आम्ही डब्यात?"

"अर्धीवर भागत होतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बाबांच्या वेळी तीन बाटल्या वाया गेल्या. माझ्या मागं तसं नको. आणि हिचा पगार कधी होतो ते मला कळत नाही का?"

सुनेने विचारले, "पण आई, आता तर औषधं स्वस्त आणतो आपण. मग तरी का?"

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "स्वस्तातली आणायला लागलात, रंगसुद्धा बदलले. मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल, आता हिचं काही फार उरलं नाही. मग स्वस्त काय नि महाग काय, पुरी कशाला खायची?"

महाग औषध तिने ओझे म्हणून वाचले आणि स्वस्त औषध निरोप म्हणून. दोन्ही वाचने चुकीची होती, पण निराधार नव्हती. किंमत आम्ही तिच्या कानांवर घातली होती. अर्थ सांगितला नव्हता. गोळीचा रंग बदलला तेव्हा 'आतले औषध तेच आहे' हे एक वाक्य तिला सांगण्याची गरज आमच्यापैकी कोणालाही वाटली नाही. कवितेतल्या मौनाचा अर्थ लावायला आम्ही मुलांना शिकवतो. घरातली बाई चार महिने गोळ्यांविषयी एक शब्द बोलली नाही, तेव्हा 'आई कुरकुर करत नाही' एवढाच अर्थ आम्ही लावला.

आणखी एक गोष्ट पुड्या उलगडताना लक्षात आली. रक्त पातळ ठेवणारी गोळी तिने एकदाही अर्धी केली नव्हती. कारण विचारले तर म्हणाली, "पुन्हा झटका आला नि अंथरुणाला खिळले, तर तुमचाच खर्च वाढेल." म्हणजे ती मनाला येईल तसे काही करत नव्हती. कोणत्या गोळीत बचत करायची आणि कोणत्या नाही, याचा तिचा पक्का विचार होता. तो विचार फक्त तिच्या जिवाच्या बाजूने नव्हता.

डबा घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुड्या पाहिल्या आणि आधी मात्रा खाली आणली. "गोळी पुरत नाही असं समजून मी वाढवत गेलो," ते म्हणाले. "तुम्ही न सांगता घरी पूर्ण गोळ्या सुरू केल्या असत्या, तर साखर एकदम खाली गेली असती." तेही खरेच. घरी डबा सापडल्यावर आमची पहिली प्रतिक्रिया हीच होती की आजपासून समोर बसवून पूर्ण गोळ्या द्यायच्या. लांबट पांढरी गोळी तर मोडायचीच नसते, हेही त्यांनी आईला समजावले : ती पोटात हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते, मोडली की औषध एकदम सुटते आणि पुढचे तास कोरडे जातात. आईने मान डोलावली. "म्हणजे अर्धी खाऊन अर्धा गुण येत नाही," ती म्हणाली. डॉक्टर हसले. आम्हाला हसता आले नाही.

त्यानंतर वही पुन्हा लिहिली, या वेळी तिच्यासाठी. सगळी मूळ नावे देवनागरीत, मोठ्या अक्षरांत : मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, ग्लिमेपिराइड, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन. प्रत्येकासमोर ते काय करते याचे एक मराठी वाक्य. पट्टी घरी आली की तिच्यावर पांढरा कागद चिकटवून त्यावर तेच नाव. रंग बदलला तर त्या दिवशी वहीत 'रंग बदलला, औषध तेच' अशी नोंद. जोडाक्षरांची ही नावे ती पहिले काही दिवस पोथीतल्या अवघड शब्दांसारखी बोट ठेवून वाचत असे. आता सरळ वाचते. महिन्यातून एकदा आमच्यापैकी कोणाबरोबर तरी रिक्षाने केंद्रावर येते आणि नावे स्वतः सांगते. मागे एकदा शेजारी उभ्या असलेल्या एका बाईला तिने सांगितले, "रंगावर जाऊ नका, नाव विचारा." त्या बाईने मुलाकडून नाव कागदावर लिहून घेतले.

किमतीचा रकाना रिकामा आहे तो किंमत लपवायची म्हणून नव्हे. लपवून काय झाले असते कोण जाणे. पण मोठ्याने वाचून काय झाले ते आम्ही पाहिले. बिले आता तिच्याकडे असतात, बाबांच्या त्याच डब्यात. ती चष्मा लावून बेरीज तपासते. एकदा एक पट्टी दोनदा लागल्याचे तिनेच दाखवले. ज्याच्या औषधाचा खर्च आहे, तो माणूस हिशेबाच्या बाहेर बसवला की स्वतःच एक रक्कम होऊन जातो. हिशेबात घेतला की तो पुन्हा हिशेब करणारा होतो. एवढे साधे सूत्र समजायला आम्हाला तीन वर्षे आणि एक पत्र्याचा डबा लागला.

साखर आता साडेसातच्या आसपास असते. सारे सुरळीत आहे असे आम्ही म्हणणार नाही. दर रविवारी ती दुपारी झोपली की आमच्यापैकी कोणीतरी गोळ्या मोजतो. विश्वास नाही म्हणून मोजतो की भीती वाटते म्हणून, हे आम्हाला नीट सांगता येत नाही. तिला ते ठाऊक असावे. कारण गेले काही रविवार पत्र्याचा डबा फडताळाच्या तळाशी नसतो. तो टेबलावर असतो, झाकण उघडे ठेवलेला.